सहा दिवसांचा नेल टेक्निशियन कोर्स: प्रेप पक्की, रिफिल गायब

नेल टेक्निशियनचा कोर्स निवडताना भिंतीवरचे नेल आर्टचे फोटो बघून काही कळत नाही. पहिल्या दोन दिवसांत काय करून घेतात ते विचारा. या कोर्समध्ये दोन दिवस कुणी रंगाची बाटलीसुद्धा उघडत नाही. नखाची रचना, साधनांची स्वच्छता आणि प्रेप, म्हणजे जेल किंवा अ‍ॅक्रिलिक लावण्याआधी नख तयार करणं, एवढंच चालतं. शिकणाऱ्यांना ते कंटाळवाणं वाटतं, पण अख्ख्या कोर्सचा सगळ्यात भक्कम भाग हाच आहे.

क्युटिकल म्हणजे नखाच्या पाठीला चिकटलेली पातळ, मेलेली कातडी. तिच्यामागे असते ती जिवंत त्वचेची घडी. हा फरक इथे भिंगाखाली दाखवतात. मेलेली कातडी पुशरने हलकेच सोडवून काढायची, जिवंत घडीला कातडी कापणारा निपर लावायचा नाही. मग १८० ग्रिटच्या फाइलने फक्त वरची चमक घालवायची, नख पातळ करायचं नाही. धूळ झटकली की नखाचा ओलावा टिपणारं डिहायड्रेटर, आणि त्यावर पकड घट्ट करणाऱ्या प्रायमरचा अगदी पुसट हात. ब्रश टिशूवर टेकवून घेतला नाही तर प्रायमर त्वचेवर ओघळतो. कडेच्या खाचांमध्ये मेलेल्या कातडीचा एक कण राहिला तरी जेल तिथूनच सुटायला लागतं. सुटलेल्या जागेत पाणी शिरतं, त्या ओलाव्यात स्यूडोमोनास जिवाणू वाढतो आणि नखावर हिरवट डाग पडतो. त्याला बुरशी समजून वरून नवीन कोट मारणं ही नेहमीची चूक, आणि इथे ती आधीच सांगून ठेवतात. शाबास.

स्वच्छतेतही तडजोड नाही. धातूची साधनं आधी साबणाने ब्रश करून धुवायची, मगच दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटं. निळ्या दिव्याच्या डब्यात ठेवली म्हणजे निर्जंतुक झाली, असं इथे कुणी शिकवत नाही. फाइल आणि बफर एका ग्राहकानंतर सरळ फेकून देतात.

अ‍ॅक्रिलिकचा दिवसही चांगला आहे, कारण मण्यावर, म्हणजे लिक्विड-पावडरच्या छोट्या गोळ्यावर, वेळ देतात. ब्रश लिक्विडमध्ये बुडवून वाटीच्या काठावर निथळायचा, टोक पावडरमध्ये टेकवायचं आणि मणी उचलायचा. दोन-तीन सेकंदांत त्यावर ओलसर चमक यायला हवी. खडबडीत राहिला तर पावडर जास्त झाली, टोकावरून लोंबायला लागला तर लिक्विड. ओला मणी त्वचेवर पसरतो, तिथूनच लिफ्टिंग (कृत्रिम नख सुटणं) आणि अ‍ॅलर्जी दोन्ही सुरू होतात. कोरडा मणी नखाला नीट चिकटत नाही आणि ठिसूळ राहतो. लिक्विड ईएमएचं (इथाइल मेथाक्रिलेट) आहे, एमएमएचं (मिथाइल मेथाक्रिलेट) नाही, हे लेबलवर दाखवतात. एमएमए फार कडक बसतं, अ‍ॅसिटोनमध्ये सहज विरघळत नाही आणि ठेच लागली तर खालचं नख घेऊन निघतं.

एपेक्स म्हणजे एक्सटेन्शनच्या (लांब केलेल्या कृत्रिम नखाच्या) पाठीवरचा सगळ्यात उंच भाग. तो कुठे यावा हे प्रत्येकीचं बोट आडवं धरून तपासतात. ट्यूबलाइटची रेघ नखावर पाडून बघायची युक्ती तर फारच उपयोगी: रेघ सलग वाहिली तर आकार बरोबर, मध्येच मोडली तर तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे.

इथून पुढे मात्र तक्रारी आहेत.

जेल पिकवणाऱ्या, म्हणजे कडक करणाऱ्या, लॅम्पवर जेमतेम पंधरा मिनिटं. किटमध्ये ४८ वॅटचा लॅम्प देतात आणि जेल दुसऱ्याच कंपनीचं. वॅटच्या आकड्यावरून जेल पूर्ण पिकेल की नाही हे कळत नाही. जेलमधल्या फोटोइनिशिएटरला (उजेड पडला की जेल कडक करणारं रसायन) कोणती तरंगलांबी हवी, ३६५ की ४०५ नॅनोमीटर, आणि लॅम्प ती पुरेशी देतो का, यावर सगळं अवलंबून असतं. जमत नसेल तर वरून कडक झालेलं जेल आत कच्चंच राहतं. अंगठा चार बोटांबरोबर आत घातला की तिरका होतो, म्हणून तो वेगळा पिकवावा लागतो. हेसुद्धा कुणी विचारलं तरच सांगतात. कच्च्या जेलमधलं हेमा हे अ‍ॅक्रिलेट रसायन त्वचेला वारंवार लागलं की अ‍ॅलर्जी होऊ शकते: खाज, फोड, बोटांच्या टोकांना भेगा. एकदा झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढे दातांच्या फिलिंगमधल्या अ‍ॅक्रिलेटचाही त्रास होऊ शकतो. सगळ्यात जास्त धोका रोज जेल हाताळणाऱ्या टेक्निशियनलाच. युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ या फोटोइनिशिएटरवर सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली, त्याचा उल्लेखही अभ्यासक्रमात नाही. इतक्या गंभीर विषयाला अर्धा दिवस द्यायलाच हवा.

ड्रिल मशीनचा सराव फक्त सिलिकॉनच्या हातावर होतो. त्या हाताला ना भाजतं ना दुखतं. खऱ्या नखावर ड्रिलचं फिरतं बिट तिरकं धरून टोक टेकलं की लाल कडं उमटतं आणि नख तिथे कायमचं नाही तरी ते वाढून कापलं जाईपर्यंत कमजोर राहतं. बिट नखाला समांतर आणि सतत हलतं ठेवायचं, हे तोंडी सांगून हातात येत नाही.

काढण्याची पद्धत शेवटच्या दिवशी घाईघाईत उरकतात. सोक-ऑफ, म्हणजे भिजवून निघणारं, जेल वरून घासून, अ‍ॅसिटोनचा कापूस आणि फॉइल लावून १५ ते २० मिनिटांनी मऊ होतं. ते न खरवडता सरकवायचं. हार्ड जेल अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतच नाही, ते फाइलनेच उतरवावं लागतं. हा फरक न कळलेली मुलगी पहिल्याच ग्राहकाचं नख सोलून ठेवेल.

सगळ्यात मोठी उणीव रिफिलची, म्हणजे नख वाढल्यावर मुळाशी पडलेली मोकळी जागा पुन्हा भरण्याची. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. प्रेप चुकली होती का, एपेक्स बरोबर होता का, हे दोन-तीन आठवड्यांनी कळतं. कोर्स सहाव्या दिवशी संपतो, त्यामुळे आपलं काम परत आलेलं कुणालाच दिसत नाही. प्रवेश घेण्याआधी एवढं ठरवून घ्या: तीन आठवड्यांनी त्याच मॉडेलला परत बोलावून शिक्षिकेसमोर रिफिल करू देणार का? हो म्हणाले तर फी भरा.