पुंगळी लांब उडाली म्हणून पिस्तूल दुरुस्त झालं असं समजू नका

जुनं .२२ रिमफायर पिस्तूल (ज्याच्या काडतुसाची मागची कड ठोकून बार उडतो) वापरणाऱ्याला हा त्रास नवा नाही. गोळी सुटते, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे येतो, पण काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. कधी तर चेंबरमधून, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोबणीतून, निघतच नाही. माझ्या टार्गेट पिस्तुलाला दोन्ही दुखणी होती. ते दुरुस्तीला दिल्यावर जे झालं ते नीट सांगतो, कारण त्या माणसाने वापरलेली युक्ती कुणावरही सहज चालेल अशी आहे.

कारागीर बोलायला गोड आणि हातात कसबही असलेला. चेंबरमध्ये टॉर्च मारून त्याने निदान सांगून टाकलं. एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाचा, आकडा झिजलाय, ओरिजिनल नवा बसवावा लागेल. स्लाइड परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग बदलावी लागेल. चेंबरही रीम करून, म्हणजे आतून कापून, साफ करावं लागेल. तिन्ही गोष्टी पटण्यासारख्याच होत्या, कारण जुन्या पिस्तुलात या तिन्ही जागा खरोखर बिघडतात. खोटं सांगणारा खऱ्याच्या इतक्या जवळून चालला की संशयाला जागा उरली नाही.

पिस्तूल परत घेताना त्याने रेंजवर स्वतःच्या काडतुसांनी मॅगझिनमागून मॅगझिन चालवून दाखवलं. एकही पुंगळी अडली नाही, उलट नेहमीच्या दुप्पट लांब उडत होत्या. ‘‘बघा साहेब, नव्यासारखं झालं की नाही!’’ पैसे चुकते झाले.

माझ्या नेहमीच्या काडतुसांवर मात्र नवंच दुखणं सुरू झालं. स्लाइड पुढे येऊन पूर्ण बंद होईना, बारीकशी फट राहायची. आणि पुंगळी चेंबरमध्ये चिकटणं होतं तसंच होतं. शेवटी अशी पिस्तुलं खोलण्यात हयात गेलेल्या एका नेमबाजाने मॅगझिन काढून, चेंबर रिकामं असल्याची खात्री करून सगळं टेबलावर मांडलं.

आधी स्प्रिंग. कारखान्यातून आलेल्या या स्प्रिंगचा शेवटचा वेढा दाबून बसवलेला असतो. हिच्या एका टोकाला तो तसा होता. दुसरं टोक पक्कडीने तोडलेलं, तिरपं आणि तोडलेल्या जागी चकाकणारं. म्हणजे नवी स्प्रिंग बसवलीच नव्हती. जुनीचेच वेढे तोडले होते. .२२ पिस्तुलांत बहुधा साधं ब्लोबॅक असतं, म्हणजे बाराच्या जोराने पुंगळीच स्लाइडला मागे ढकलते, स्लाइडला कुलूप नसतं. तिला रोखायचं काम तिचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच चालतं. वेढे तोडून स्प्रिंगचा दाब कमी केला की स्लाइड जोरात मागे येते, पुंगळी तिला बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरवर सणसणीत आपटते आणि लांब जाते. बघणाऱ्याला वाटतं, काय झकास काम झालंय! पण तीच स्लाइड मागे फ्रेमवर ठोके घालते आणि पुढे येताना काडतूस पूर्ण आत ढकलायला तिच्यात जोर उरत नाही. रिमफायर पुंगळीचं पितळ पातळ असतं. स्लाइड नीट बंद नसताना बार झाला तर पुंगळीची कड फाटून गरम वायू मागे येऊ शकतो, तेव्हा हा प्रश्न नुसत्या पैशांचा राहत नाही.

मग एक्स्ट्रॅक्टर. काळाभोर, नवाकोरा दिसत होता. तेलाच्या चिंधीने घासल्यावर काळेपणा चिंधीवर उतरला. थंड ब्लूइंगचा, म्हणजे पोलाद काळं करणाऱ्या रसायनाचा, हात मारलेला होता. आकड्याचा कोपरा उडालेला होता, आणि तोच कोपरा मी दुरुस्तीआधी काढलेल्या फोटोतही तसाच उडालेला दिसतो. माझाच भाग रंगवून मलाच विकला.

चेंबरची गोष्ट सर्वात चीड आणणारी, कारण मूळ रोग तिथेच होता. रिमफायरमध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. रिकामं पिस्तूल वर्षानुवर्षं टकटक चालवलं की काही बनावटींत ती थेट चेंबरच्या काठावर बसते. तिथलं पोलाद चेपून आत सरकतं आणि फुगलेल्या पुंगळीला धरून ठेवतं. माझ्या प्रत्येक पुंगळीवर पिनच्या खुणेच्या सरळ रेषेत एक लांबट ओरखडा येत होता. दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या पुंगळ्या शेजारी ठेवल्या तर ओरखडा अगदी सारखा! चेंबरला त्याने हातही लावला नव्हता. खरं तर तेच बरं झालं, कारण यावर पोलाद कापणं हा उपाय नव्हेच. निमुळत्या गुळगुळीत हत्याराने सरकलेलं पोलाद परत जागेवर दाबायचं असतं. आम्ही तेवढंच केलं, मेण आणि काजळीचं कडं ब्रशने काढलं, आणि पुंगळी सुटायला लागली.

राहता राहिलं ते रेंजवरचं प्रात्यक्षिक. कारागिराची काडतुसं हाय व्हेलॉसिटीची होती. डब्यावर त्यांचा वेग सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास लिहिलेला असतो, माझ्या साध्या काडतुसांचा ३२५ च्या. तोडलेल्या स्प्रिंगवर जोरकस काडतूस म्हटल्यावर पुंगळ्या उडणारच. जुन्या पिस्तुलाशी हा खेळ वाईट. कोल्टचं वुड्समन घ्या: १९१५ पासून निघालेलं हे पिस्तूल आधी साध्या वेगाच्या काडतुसांसाठीच होतं, आणि जोरकस काडतुसं आल्यावर १९३० च्या दशकात कंपनीला त्याची रचना बदलावी लागली.

विचारायला गेलो तर उत्तर तयार होतं: ‘‘जुना माल आहे, पुन्हा बिघडणारच.’’ पावतीवर नुसतं ‘सर्व्हिसिंग’ लिहिलेलं, त्यामुळे तक्रार पुढे सरकली नाही. तुम्ही देणार असाल तर पावतीवर प्रत्येक भागाचं नाव लिहून घ्या आणि काढलेले भाग परत मागा, तुटके असले तरी. देण्याआधी एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याचे आणि स्प्रिंगच्या दोन्ही टोकांचे फोटो काढा, स्प्रिंगची लांबी मोजून ठेवा. चार वापरलेल्या पुंगळ्याही जपा. चाचणी आपल्याच काडतुसांवर करायला लावा. त्याला तो नाही म्हणाला तर पिस्तूल उचलून चालू लागा. माझ्यात आता योग्य ताकदीची नवी स्प्रिंग आणि नवा एक्स्ट्रॅक्टर बसलाय. पुंगळ्या पूर्वीसारख्या जवळच पडतात, पण न चुकता पडतात.