ॲप्टचे सात महिने आणि ‘अपडेट’ या शब्दाचा मनस्ताप

मामांच्या लॅपटॉपवर अपग्रेड चालू असताना मध्येच वीज गेली, हे मला दोन दिवसांनी कळले. आणि कळले तेही ‘दुरुस्त केला आहे, काळजी करू नकोस’ या वाक्यासह. त्या दुरुस्तीची हकीकत पुढे येईलच, पण तिच्यामुळेच ॲप्टविषयीचे माझे मत थोडे सुधारले आणि हा अनुभव लिहावासा वाटला. डेबियन ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत लिनक्स प्रणाली, आणि ॲप्ट हे तिच्यावर सॉफ्टवेअर बसवण्याचे, नवे करण्याचे आणि काढण्याचे साधन.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि मामांच्या २०१४ च्या, चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालण्याची शक्यता नव्हती. पतसंस्थेत हयातभर हिशेब लिहिलेल्या मामांना चालू असलेले यंत्र भंगारात काढणे पटेना, म्हणून त्यावर डेबियन १३ आणि हलकाफुलका एक्सएफसीई डेस्कटॉप बसवला. मी पुण्यात, मामा मिरजेत. त्यामुळे पुढचे सारे शिक्षण फोनवर झाले. चित्रांवर टिचक्या मारून सॉफ्टवेअर बसवण्याची सोय डेबियनमध्येही आहे, तरी मी मुद्दाम टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून संगणकाला काम सांगण्याची खिडकी, निवडले. कारण ‘उजवीकडे वर एक छोटे चिन्ह दिसते का’ असे फोनवर दहा वेळा विचारण्यापेक्षा एक ओळ सांगावी आणि ती त्यांनी वहीत उतरवून घ्यावी, हे दोघांनाही सोपे. मामांनी त्यासाठी एक वेगळी वही घातली आणि दिलेली प्रत्येक आज्ञा तारीख-वार तिच्यात नोंदवली, अगदी कीर्द लिहावी तशी.

पहिला धडा मात्र फसलाच. लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरचे मेनू मराठीत हवे होते आणि त्यासाठीच्या पॅकेजचे, म्हणजे ॲप्ट बसवते त्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याचे, नाव आहे ‘लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर’. मी फोनवर एकेक अक्षर सांगितले, मामांनी एकेक टंकले, आणि ॲप्टने असे पॅकेज सापडत नाही म्हणून सांगितले. तीन वेळा तेच झाले. शेवटी पडद्याचा फोटो मागवला, तेव्हा दिसले की मामांनी एलच्या जागी एकचा आकडा टंकला होता, म्हणजे एक-एक-शून्य-एन. त्यांचेही चुकले नव्हते, कारण वहीत उतरवताना छोटा एल आणि एक सारखेच दिसत होते. मग मामांनी रास्त प्रश्न विचारला, ‘अरे, पण हे दहा कशाचे?’ लोकलायझेशन या इंग्रजी शब्दात पहिला एल आणि शेवटचा एन यांच्यामध्ये दहा अक्षरे येतात, म्हणून लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी ती मोजून आकडा टाकला, हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे आळसाचासुद्धा हिशेब ठेवला आहे.’ त्या दिवसापासून टॅब कळीशिवाय कोणतेही नाव पूर्ण टंकायचे नाही, हा नियम केला. नावाची सुरुवातीची अक्षरे लिहून टॅब दाबला की बाकीचे आपोआप पुरे होते, आणि पर्याय अनेक असतील तर दोनदा दाबल्यावर त्यांची यादी येते. नवशिक्याला काहीही शिकवण्याआधी ही कळ शिकवावी. मी ती सहाव्या दिवशी शिकवली.

आता मूळ तक्रारीकडे येतो. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) ही आज्ञा काहीही अपडेट करत नाही. ती फक्त डेबियनच्या इंटरनेटवरील सॉफ्टवेअर-भांडारात सध्या कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती उपलब्ध आहे, याची ताजी यादी आणते; प्रत्यक्ष नव्या आवृत्त्या बसवण्याचे काम ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ करते. मोबाइलवर ‘अपडेट’ दाबले की ॲप नवे होते, हे आता नातवंडांपासून आजोबांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. अशा माणसासमोर तोच शब्द वेगळ्या अर्थाने ठेवणे म्हणजे त्याला चुकायला लावणेच होय. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या डीएनएफ या अशाच साधनात ‘अपडेट’ म्हटले तर नव्या आवृत्त्या खरोखर बसतात, मॅकवरच्या होमब्रू या साधनात पुन्हा अपडेट वेगळे आणि अपग्रेड वेगळे. इतका साधा शब्द, आणि त्याच्या अर्थावर एकमत नाही.

याचा परिणाम मला संक्रांतीला मिरजेला गेल्यावर दिसला. मामांनी अभिमानाने वही पुढे केली. ऑक्टोबरच्या अखेरीपासून दर सोमवारी ‘अपडेट केले’ अशी नोंद, एकही खाडा नाही. आणि एकाही सोमवारी ‘अपग्रेड’ नाही. दोन्ही आज्ञा मी पहिल्या आठवड्यात सांगितल्या होत्या, पण दुसरी त्यांना पहिलीचेच दुसरे नाव वाटली. अपडेटच्या शेवटी ‘इतकी पॅकेजे अपग्रेड करता येतील’ अशी ओळ येते, ती ते दर आठवड्याला वाचत होते, आणि आकडा वाढतो आहे म्हणजे काहीतरी चांगलेच चालले आहे असे समजत होते. आकडा नव्वदीच्या पुढे गेला होता. ब्राउझरचे सुरक्षा सुधार अडीच महिने दाराबाहेर ताटकळत होते. चूक माझीही होती, पण राग मला त्या शब्दाचाच आला.

तिरीमिरीत मी दोन्ही आज्ञा एकत्र गुंफून, होकारही आधीच भरून, एका शब्दाचे टोपणनाव तयार करून दिले आणि प्रश्न सुटला असे मानून परत आलो. दहा दिवसांत फोन आला. मामांचे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, दिवसाला दीड जीबी. माझ्या टोपणनावाने न विचारता चारशेच्या आसपास एमबी उतरवले आणि संध्याकाळचे कीर्तन ऐकताना डेटा संपला. ‘यादी मागवली म्हणजे माल पाठवा असे होत नाही, दर बघून मग ऑर्डर देतात,’ असे त्यांनी मला सुनावले. आणि तेव्हा प्रथमच वाटले की या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवण्यात शहाणपण आहे. यादीला थोडासा डेटा लागतो. अपग्रेड मात्र आधी सांगते की काय येणार, काय जाणार, किती उतरवावे लागेल आणि डिस्कवर किती जागा लागेल, आणि मगच होकार मागते. डेबियन १३ मधील ॲप्ट ३.० मध्ये हे आणखी नीट दिसते: येणारी पॅकेजे हिरव्या रंगात, काढली जाणारी लाल रंगात. ‘लाल दिसले की थांबा आणि मला फोन करा’ हा एक नियम बाकी सगळ्या शिकवणीहून उपयोगी पडला. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरने असाच इशारा न वाचता पुढे जाऊन आख्खा डेस्कटॉप काढून टाकला होता, आणि त्यानंतर ॲप्टने अत्यावश्यक पॅकेजे काढण्याबाबत अधिक कडक धोरण घेतले. टोपणनाव मी पुसून टाकले. म्हणजे रचना बरोबर आहे, नाव चुकीचे आहे. आणि नावाबद्दल मी माघार घेणार नाही. ‘ॲप्ट मू’ असे टंकल्यावर पडद्यावर अक्षरांची गाय काढून दाखवण्याइतकी सवड ज्यांना होती, त्यांना २०१४ मध्ये ‘ॲप्ट-गेट’ऐवजी सुटसुटीत ‘ॲप्ट’ ही आज्ञा आणताना हा शब्द बदलण्याचीही संधी होतीच.

बाकीच्या अडचणी किरकोळ. पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणून मामांनी कीबोर्ड बिघडला असे ठरवले होते. होकाराच्या प्रश्नात ‘येस’चा वाय मोठ्या लिपीत असतो, याचा अर्थ नुसते एंटर दाबले तरी ‘हो’ धरले जाते, हे कळेपर्यंत ते शिफ्ट धरून मोठा वायच टंकत.

आणि आता वीज गेल्याची गोष्ट. ॲप्ट स्वतः फक्त काय लागेल ते ठरवून उतरवून घेते. फायली जागेवर मांडण्याचे आणि जुळवण्याचे काम त्याच्या हाताखालचे डीपीकेजी करते. ते मध्येच तुटले. दुसऱ्या दिवशी मामांनी अपग्रेड टंकल्यावर ॲप्टने नकार दिला, पण नकारातच कारण सांगितले की डीपीकेजीचे काम अर्धवट राहिले आहे, आणि ते पुरे करण्यासाठी कोणती ओळ टंकावी तीही जशीच्या तशी दिली: ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. मामांनी ती आधी वहीत उतरवली, एल आणि एक नीट तपासले, मग टंकली. पाच मिनिटांत राहिलेले सारे जुळले. विंडोजच्या काळात याच लॅपटॉपच्या अशाच दुखण्यासाठी दुकानदाराने सहाशे रुपये घेतले होते, ती नोंदही जुन्या वहीत आहे.

आता वहीत दोन रकाने आहेत, ‘यादी’ आणि ‘माल’. यादी दर सोमवारी, माल पंधरवड्यातून एकदा, आणि तोही वीज नक्की असेल अशा वेळी. कारण लॅपटॉपची बॅटरी चार मिनिटांहून जास्त टिकत नाही. नवी अठराशेला मिळते. सॉफ्टवेअर फुकट मिळाले असताना यंत्रावर अठराशे घालायचे की नाही, याचा निर्णय मामांनी पुढच्या महिन्यावर ठेवला आहे.