प्लॅस्टिक घरून नेणारी सेवा : गणपती ते तुळशीचं लग्न

पुण्यात आमच्या भागात महिन्यातून दोनदा घरी येऊन प्लॅस्टिक नेणारी एक सेवा आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख घ्यायची, एका फेरीचे शंभर रुपये, प्लॅस्टिक कोरडं आणि किमान पाच किलो.

पहिल्यांदा बोलावलं ते अनंत चतुर्दशीनंतर. मोदकांचे डबे, हळदीकुंकवाच्या पुड्या, प्रसादाच्या पिशव्या असं सगळं दोन पोत्यांत कोंबलं. वाटलं, आठ किलो तरी असेलच. गाडीवरच्या दादांनी ताणकाट्याला लावलं, तर भरलं एक किलो आठशे! मग मी जिने चढून-उतरून चार घरांचं प्लॅस्टिक मागून आणलं. वीस मिनिटं दादा थांबले, कुरकुर नाही. वर शिकवलंही. दुधाची पिशवी बोटांनी ताणून दाखवली. "ही ताणली जाते ना काकू? हा चार नंबरचा प्लॅस्टिकचा प्रकार, भंगारवाल्याला द्या, पैसे येतील. फरसाणाची चकचकीत पाकिटं तो घेत नाही, ती आम्हाला." त्या पाकिटात प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा, ते वेगळं करायला कोण बसणार? यांच्याकडे ते भट्टीत हवा न लागू देता तापवून त्याचं तेल काढतात.

सोसायटीचा 'सहर्ष स्वागत'चा फ्लेक्स मात्र परत केला. तो पीव्हीसीचा, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लॅस्टिकचा, तापवला की आम्लाची वाफ सुटते, यंत्र खराब होतं. दसऱ्याला घेतलेल्या फ्रिजचा थर्माकोलही नको म्हणाले. मखरांचा थर्माकोल 2018 च्या बंदीत गेला, खोक्यातला अजून येतोच आहे. आमचा माळ्यावर आहे.

खरी परीक्षा दिवाळीची. चकल्या-शेवेच्या तेलाच्या सात पिशव्या. नुसत्या पाण्याने त्या निघत नाहीत. तीन कडा कापून पिशवी उघडायची, ओट्यावर पसरायची, मूठभर बेसन टाकून चोळायचं, मग साबण-गरम पाणी, मग दोरीवर चिमटे लावून वाळत. "एवढ्या पिठात वाटीभर शेव झाली असती," सासूबाई म्हणाल्या, आणि खरंच झाली असती. रांगोळीच्या पुड्या धुताना तर मोरीत गुलाबी-जांभळा ओघळ गेला. घरातल्या पुरुषांनी या कामात काय हातभार लावला? पोतं दाराशी आणून ठेवलं.

आणि एवढं करून गाडी आली नाही. भाऊबीजेनंतरच्या शनिवारची तारीख दिली होती. 'गाडी भरली, पुढच्या शनिवारी', असा निरोप आला तोही संध्याकाळी, मी दिवसभर घरात अडकून बसल्यावर. पुढच्या शनिवारी निरोपही नाही. फोन उचलत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं तेव्हा गॅलरीत वृंदावनाच्या मागे पाच पोती होती आणि अंतरपाट धरायला जागा नव्हती. तिसऱ्या शनिवारी तेच दादा आले, ओशाळले, शंभर रुपये घेतले नाहीत. सणात सगळ्यांचा कचरा एकदमच निघणार, हे यांना दरवर्षी नव्याने कळतं की काय?

तरी पाचपैकी साडेतीन देते, त्यातला एक पूर्ण दादांचा. या वर्षी वसुबारसेच्या आधीचीच तारीख मागून ठेवली आहे. तेलाच्या पिशव्या तेव्हा भरलेल्याच असतील, ते वेगळं.