दोन मॉनिटरचा गॅस स्प्रिंग आर्म: आधी टेबल बघा, मग ऑर्डर करा

दोन मॉनिटरवाला डबल आर्म, गॅस स्प्रिंगचा, टेबलाला क्लॅम्प होणारा, म्हणजे टेबलाच्या कडेला घट्ट बसणारा एक खांब आणि त्यावर मॉनिटर हवेत धरणारे दोन हात, तो घेऊन आता बरेच महिने झालेत आणि रोज दिवसभर वापर आहे, म्हणून नीट लिहिते. वस्तू चांगलीये, पैसे वसूल आहेत, पण हा आर्म चांगला की वाईट हे निम्मं तुमचं टेबल ठरवतं आणि याबद्दल रिव्ह्यूत कुणी धड लिहीतच नाही. सगळे आर्मचे फोटो टाकतात, टेबलाच्या खालचा फोटो कुणी टाकत नाही.

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण हाच सांगाडा, हीच क्लॅम्प, हेच प्लॅस्टिकचं झाकण बऱ्याच वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन विकायला आहे, फक्त खोका बदलतो. साडेचार हजारांच्या आसपास पडला. प्रत्येक हाताची क्षमता २ ते ९ किलो लिहिलेली, माझे दोन्ही मॉनिटर २४ इंची आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारं पॅनल), स्टँड काढल्यावर प्रत्येकी चार किलोच्या आत.

माझं काम डीटीपीचं, मराठी पुस्तकांची पानं लावायची आणि प्रूफं बघायची. यात एक मॉनिटर उभा असणं किती सुखाचं आहे ते सांगते. २४ इंची मॉनिटरची काच साधारण ५३ सेमी रुंद आणि साडेएकोणतीस सेमी उंच असते, आणि ए४ पान आहे २९.७ सेमी उंच. म्हणजे आडव्या मॉनिटरवर ए४ पान खऱ्या आकारात कधीच पूर्ण दिसत नाही, वर मेनूबार आणि खाली टास्कबार धरला तर अजूनच कमी. तोच मॉनिटर उभा केला की अख्खं पान खऱ्या मापात समोर, वर टूलबार, खाली जागा शिल्लक. डेमी साइजचं पुस्तक असेल, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, तर समोरासमोरची दोन पानं मिळून २८ सेमी होतात, ती पण उभ्या स्क्रीनच्या रुंदीत बसतात. समास बरोबर आहे का, एकटी ओळ पानाच्या डोक्यावर गेलीये का, हे प्रिंट न काढता कळतं. आडव्यावर इनडिझाइन (पानं लावायचं सॉफ्टवेअर), उभ्यावर लेखकाने पाठवलेली करेक्शनची पीडीएफ, हे माझं रोजचं.

आता काही मॉनिटरच्या कंपनीच्या स्टँडवरच तो उभा फिरतो, मग आर्म कशाला? जागेसाठी. दोन स्टँडचे दोन पाय टेबलाच्या मधोमध बसतात, आणि टेबल ६० सेमी खोल असेल तर स्टँड, त्याच्यापुढे कीबोर्ड, आणि मग प्रूफाचे कागद ठेवायचे कुठे? आर्म लावल्यावर मॉनिटर मागे भिंतीकडे ढकलता येतात, खालची पूर्ण जागा मोकळी होते. माझ्यासारखं ज्यांचं काम अजून अर्धं कागदावर आहे त्यांना याची किंमत कळेल.

तर टेबल. बाजारात मिळणारी बहुतेक रेडिमेड कॉम्प्युटर टेबलं पार्टिकल बोर्डाची असतात, लाकडाचा भुसा आणि चुरा गोंदात दाबून केलेली, वर लॅमिनेट. वरून दाब आला तर ती सहन करतात, पण एका कोपऱ्यावर पिळा बसला की आतला भुसा चुरगळतो. आणि आर्म नेमकं तेच करतो. हिशोब करून बघा, दोन मॉनिटर मिळून आठ किलो धरले आणि ते खांबापासून ४५ सेमी पुढे ओढले, तर क्लॅम्पच्या प्लेटची खोली जेमतेम १० सेमी असते, म्हणजे प्लेटची पुढची कड टेबलात ढोबळमानाने ३६ किलोच्या ताकदीने रुतते आणि खालची चकती मागच्या कडेला तितक्याच जोराने वर ढकलते. आर्मचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. आणि हे दिवसरात्र चालू. १८ मिमीच्या पार्टिकल बोर्डावर काही आठवड्यांनी वरचं लॅमिनेट दबलेलं दिसायला लागतं, मग खांब किंचित पुढे झुकतो, मग मॉनिटर. काचेच्या टेबलावर तर क्लॅम्प लावूच नका, कितीही जाड काच असली तरी.

माझं टेबल प्लायवूडचं, १९ मिमी, घरी करून घेतलेलं, तरीही आर्म यायच्या आधी सुतारकाकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "ताई, प्लायला काही होत नाही, पण वर खाली एक-एक तुकडा टाकू, वजन पसरेल." त्यांनी १२ मिमीच्या प्लायचा सुमारे एका फुटाचा तुकडा खालून लावला आणि वर पातळ लोखंडी पट्टी दिली, प्लेटपेक्षा मोठी. पार्टिकल बोर्ड असेल तर हे कराच, असल्या लोखंडी पट्ट्यांचा जोड ऑनलाइन तयार पण मिळतो, पण फॅब्रिकेशनवाल्याकडे ४ मिमीची प्लेट कापून घेतली तरी तेच काम होतं.

अजून एक, टेबलाच्या मागच्या कडेखाली आडवी पट्टी किंवा लोखंडी फ्रेम आहे का हाताने चाचपून बघा. क्लॅम्पच्या खालच्या चकतीला कडेपासून सात-आठ सेमी सपाट मोकळी जागा लागते. पट्टी आड येत असेल तर मग टेबलाला भोक पाडून लावायचा दुसरा पर्याय असतो, बहुतेक आर्मच्या खोक्यात त्याचं सामान पण येतं, वायरसाठी आधीच भोक असेल तर तेही कामी येतं.

भिंतीचं पण बघा. हे कुणी सांगत नाही. मॉनिटर मागे ढकलला की आर्मचं कोपर मागे जातं, म्हणजे टेबल भिंतीला चिकटून असेल तर कोपराला जागाच नाही, मग मॉनिटर पूर्ण मागे जात नाही नाहीतर कोपर बाजूला काढावं लागतं. मी टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढून घेतलं, टेबलाच्या वरची जागा वाचली ती थोडी मागे गेली असं म्हणता येईल, पण मागच्या फटीत वायरींची सोय झाली.

मॉनिटरकडचं काम सोपं. मागे चार भोकं असतात चौकोनात, ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिमी, त्याला वेसा म्हणतात, स्क्रू एम४चे. ऑर्डर करायच्या आधी तुमच्या मॉनिटरला ही भोकं आहेत का ते मॉनिटर वळवून मागून बघा, स्वस्तातल्या काही पातळ मॉनिटरना ती नसतात, मग वेगळा अडॅप्टर लागतो जो बाहेरून पकडतो आणि दिसायला पण बरा दिसत नाही. भोकं खड्ड्यात असतील तर स्पेसर आणि लांब स्क्रू लागतात. पण लांब म्हणून वाटेल तेवढा लांब घालू नका, आत पॅनल असतं. स्क्रू हाताने फिरवताना अडला की थांबा.

आता गॅस स्प्रिंग. हाताच्या आत एक गॅसचा सिलिंडर असतो, तो मॉनिटरच्या वजनाला वर उचलून धरतो, म्हणून एका बोटाने मॉनिटर वर खाली होतो आणि जिथे सोडाल तिथे थांबतो. पण तो तुमच्या वजनाला जुळवून घ्यावा लागतो, सांध्यात एक स्क्रू असतो, ॲलन कीने प्लसकडे फिरवला की ताकद वाढते, मायनसकडे कमी. मॉनिटर आपोआप खाली येत असेल तर प्लस, वर जात असेल तर मायनस. हे हात जमिनीला समांतर ठेवून करायचं, आणि बरेच फेरे द्यावे लागतात, सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं पण होतं.

सगळ्यात महत्त्वाचं सांगते, मॉनिटर नसताना हात खाली दाबून ठेवू नका, आणि मॉनिटर काढायच्या आधी हात पूर्ण वर नेऊन मगच काढा. आत दाबलेला गॅस आहे, वजन सुटलं की हात फाडकन वर येतो, तोंडावर बसला तर दात जातील. घरात लहान मुलं असतील तर जोडणी होईपर्यंत त्यांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

किमान वजन पण असतं. २ ते ९ म्हणजे २ च्या खालचा मॉनिटर लावला, हलका पोर्टेबल वगैरे, तर तो तरंगत वरच जाणार. एर्गोट्रॉन एलएक्स नावाचा प्रसिद्ध आर्म आहे, त्याच्यात गॅस नाही तर धातूची स्प्रिंग आहे, आणि त्याची क्षमता ३.२ ते ११.३ किलो, म्हणजे माझा चार किलोच्या आतला मॉनिटर त्याच्या अगदी खालच्या टोकाला येतो. किंमत पण खूपच वर. मोठा जड अल्ट्रावाइड असेल तर त्या वर्गातला घ्यावा असं माझं मत, दोन साध्या २४ इंचींना गरज नाही.

माझ्या आर्मचे दोष सांगते. एक, हाताच्या टोकाला मॉनिटर जिथे वर-खाली झुकतो तिथला सांधा, तो सुरुवातीला सैल होता आणि उभा मॉनिटर हळूहळू पुढे वाकून बघायला लागायचा, स्क्रू घट्ट केल्यावर थांबला पण आता मुद्दाम तिरका करायचा म्हटलं तर दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. दोन, टायपिंग करताना मॉनिटर किंचित हलतो, हात जितका लांब पसरलेला तितका जास्त, दुमडून जवळ ठेवला की जवळजवळ नाही. तीन, वायर झाकायच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा फारच लेच्यापेच्या, एक तुटली, तिथे वेल्क्रोची पट्टी गुंडाळलीये. सोबतच्या कागदावरची चित्रं इतकी बारीक की माझ्यासारख्या चाळिशीचा चष्मा असलेल्या माणसाला फोनवर फोटो काढून मोठं करून बघावं लागतं.

वायरींवरून आठवलं, मॉनिटरसोबत येणारी केबल आखूड असते आणि आर्मच्या अंगाने फिरवून आणली की पोचत नाही. २ मीटरची तरी घ्या आणि प्रत्येक कोपराजवळ सैल झोळ ठेवा, नाहीतर मॉनिटर ओढला की ताण थेट पोर्टवर येतो. आणि लॅपटॉपवर चालवणार असाल तर आधी लॅपटॉप दोन स्क्रीन देतो का बघा, एम१ आणि एम२ चिपच्या साध्या मॅकबुक एअरवर बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, दुसऱ्यासाठी डिस्प्लेलिंकचा डॉक (यूएसबीवरून जास्तीचा मॉनिटर चालवणारा डबा) लागतो.

उभ्या मॉनिटरबद्दल एक खास मराठीवाल्यांसाठी. विंडोजचं क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरं स्क्रीनवर गुळगुळीत दाखवायची सोय, हे आडव्या मांडणीतल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांवर बेतलेलं आहे, स्क्रीन उभी केली की त्या पट्ट्याही फिरतात आणि बारीक अक्षरांच्या कडेला हलका रंग दिसू शकतो. रोमन लिपीत फारसं जाणवत नाही, पण आपल्याकडे रफार, अनुस्वार, जोडाक्षराचा पाय, हे सगळं एकेका ठिपक्याचं काम आहे, प्रूफ वाचताना डोळे शिणतात. पीडीएफ उघडायच्या ॲक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये मजकूर स्मूद करायचा पर्याय आहे, तो एलसीडीऐवजी मॉनिटर या पर्यायावर ठेवा, रंगाची किनार जाते. आणि उभा करायचा मॉनिटर आयपीएसच घ्या, जुन्या टीएन पॅनलचा असेल तर उभा केल्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्याला वेगळा रंग दिसतो, डोकं दुखतं.

उंचीचं म्हणाल तर स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, आणि अंतर साधारण हात लांब केला तर बोटं टेकतील इतकं. पण प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर अजून खाली घ्या, कारण वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो आणि मॉनिटर उंच असला की आपण नकळत हनुवटी वर करून वाचत बसतो, संध्याकाळी मान धरते. आर्ममुळे मी हे दोन बोटं वर-खाली करत नेमकं जुळवू शकले, ठरावीक खाचा असलेल्या स्टँडवर ते जमत नव्हतं. माझ्या मते आर्मचा सगळ्यात मोठा फायदा हाच, दिसायला भारी वगैरे नंतर.

दोन्ही मॉनिटर मधल्या फटीला नाक लावून ठेवू नका, ज्यावर जास्त काम तो सरळ समोर आणि दुसरा बाजूला जरा आत वळवून. म्हणजे खांब टेबलाच्या बरोबर मध्ये लावायचा नसतो, आधी खुर्चीत बसून कागदाचे कटआउट धरून जागा ठरवा.

मापं पण काढा. २७ इंची मॉनिटर साधारण ६१ सेमी रुंद असतो, म्हणजे ४ फुटी टेबलावर दोन आडवे २७ इंची कडेला कड लावून कसेबसे बसतात, वळवायला जागा राहत नाही. तीन २४ इंची आडवे म्हणजे १६० सेमीच्या वर, ५ फुटी टेबलाच्या बाहेर जातात. तिसरा घ्यायचाच असेल तर तीन हात एका खांबावर टांगणारे सेट मिळतात ते मी घेणार नाही, सगळा पिळा एकाच क्लॅम्पवर येतो. हा डबल आहे तिथेच ठेवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक सिंगल आर्म, वेगळी क्लॅम्प, खाली परत प्लायचा तुकडा.

ज्यांचं टेबल भाड्याच्या घरातलं आहे किंवा ऑफिसचं आहे आणि खाली काही ठोकता येणार नाही, त्यांनी टेबलावर ठेवायचा जड तळाचा डबल स्टँड बघावा, जागा खातो पण टेबल वाचतं. बाकी ज्यांच्याकडे प्लायचं किंवा खऱ्या लाकडाचं टेबल आहे त्यांनी हाच गॅसवाला घ्यावा, खांबाला घट्ट बसणारे बिनस्प्रिंगचे जे निम्म्या किमतीत मिळतात त्यात उंची बदलायची म्हणजे दर वेळी पाना घेऊन बोल्ट सैल करायचा, आणि मग माणूस एकदा लावलेली उंची कधीच बदलत नाही. घेताना विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा, क्लॅम्प किती मिमी जाडीपर्यंत उघडते (प्लायचा तुकडा आणि पट्टी धरून मोजा, माझं सगळं मिळून ३५ मिमी झालं), आणि गॅस सिलिंडर गेला तर तेवढाच हात बदलून मिळतो की अख्खा सेट घ्यावा लागतो.