रडार डिटेक्टरवरचे नंबर: मॉडेल, सीरियल, एफसीसी आयडी की फर्मवेअर, कशावर भरवसा ठेवायचा?

रडार डिटेक्टर म्हणजे वेग मोजणाऱ्या पोलिसांच्या रडारच्या लहरी ओळखून चालकाला आधीच इशारा देणारं गाडीतलं छोटं यंत्र. वापरलेला डिटेक्टर विकणारे पुढून, मागून आणि स्क्रीन पेटलेली असताना असे फोटो आपणहून पाठवतात. पोटाखालच्या लेबलचा फोटो मात्र बहुधा मागावा लागतो. त्या बोटभर जागेत चार-पाच नंबर दाटीवाटीने बसवलेले असतात आणि घेणारा त्यातला एखादा जुळला की निश्चिंत होतो. अडचण अशी की त्यातले काही नंबर डिटेक्टरची रचना ओळखतात, एखादा नेमका तुमच्या हातातला नग ओळखतो आणि फर्मवेअरचा, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, आकडा फक्त आज आत काय चढवलं आहे तेवढंच सांगतो. प्रश्न एकाला आणि उत्तर दुसऱ्याकडून, असं झालं की व्यवहार फसतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वापरलेला घेत असाल तर सीरियल नंबर आणि डिटेक्टरने स्वतःच्या स्क्रीनवर दाखवलेलं व्हर्जन, या दोन गोष्टी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. एफसीसी आयडी, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण आयोगाच्या मान्यतेचा क्रमांक, तिसरा, पण मॉडेलबद्दल शंका आली तर तोच पहिला. आणि मॉडेलच्या नावावर एकट्यावर कधीच जाऊ नका.

मॉडेलच्या नावाचं आधी उरकून घेऊ, कारण त्यात फारसा दम नाही. बाणांनी दिशा दाखवतो का, जीपीएस आहे का, एवढं नावावरून कळतं. पण तेच नाव वर्षानुवर्षं चालवत कंपन्या आतला बोर्ड बदलत राहतात. व्हॅलेंटाइन वन हे ठळक उदाहरण. पहिला आला १९९२ मध्ये, दुसरी पिढी २०२० मध्ये. चेहरामोहरा आणि बाण इतके सारखे की घाईत काढलेल्या फोटोत फरक लक्षात येणं कठीण. आतून मात्र दोन्ही निराळे. नव्यात ब्लूटूथ अंगचंच आहे, जुन्याला त्यासाठी वेगळा जोड लावावा लागतो. जाहिरातीत नुसतं 'व्हॅलेंटाइन वन, उत्तम स्थितीत' लिहिलेलं असेल तर ते कुठल्याही किमतीचं असू शकतं.

सीरियल नंबर विरुद्ध एफसीसी आयडी

खरी निवड या दोघांत आहे आणि लोक नेमके इथेच गोंधळतात.

सीरियल नंबर एका नगाचा असतो. वॉरंटी, दुरुस्ती, कंपनीकडून होणारा अपग्रेड, चोरीची तक्रार, सगळं त्यावर चालतं. उत्पादन कधीचं, कुठल्या खेपेतलं, हेही बरेचदा त्यात दडलेलं असतं, पण ते कसं वाचायचं याचा सगळ्या कंपन्यांना लागू पडणारा नियम नाही. एका कंपनीचे पहिले दोन आकडे वर्षाचे असले म्हणून दुसरीचेही तसेच असतील असं धरून चालू नका. सरळ कंपनीच्या ग्राहक सेवेला नंबर पाठवून विचारावं: हा नग कुठल्या पिढीचा, याला शेवटचं कुठलं अपडेट लागू होतं, वॉरंटी उरली आहे का. विकणाऱ्याच्या पानभर वर्णनापेक्षा ते उत्तर जास्त कामाचं.

काही विक्रेते फोटोत सीरियल नंबर झाकतात. जाहिरातीत सगळ्या जगाला नंबर दिसू नये, कुणी त्यावर खोटा वॉरंटी दावा करू नये, ही काळजी मला पटते. पण सौदा ठरत आल्यावरही खाजगीत नंबर द्यायला का-कू होत असेल तर तिथेच थांबावं. लेबल खरवडलेलं असेल तर प्रश्नच मिटला. सीरियल नंबर काढलेला किंवा पुसलेला नग वॉरंटीत बसत नाही, हे बहुतेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेलंच असतं. मेनूमध्ये सीरियल नंबर दिसण्याची सोय असेल तर तो लेबलशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे निघाले तर खोका एकाचा आणि पोट दुसऱ्याचं.

एफसीसी आयडीचं काम वेगळं. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाकडे यंत्राच्या रचनेला जी मान्यता मिळते, तिचा हा क्रमांक. तो साच्याचा आहे, त्यातून निघालेल्या मूर्तीचा नाही. एकाच आयडीचे हजारो नग बाजारात असतात. त्यामुळे चोरीचा माल, वॉरंटी किंवा नगाचं वय यातलं काहीही त्यावरून कळत नाही. पण आत काय आहे हे फुकटात आणि विक्रेत्यावर विसंबून न राहता पाहायचं असेल तर याला तोड नाही.

आयडीचे दोन भाग असतात. पहिला कंपनीचा. तो अक्षराने सुरू होत असेल तर तीन वर्णांचा आणि आकड्याने सुरू होत असेल तर पाच वर्णांचा. पाच वर्णांचे कोड २०१३पासून द्यायला लागले, म्हणजे तसा कोड दिसला तर त्या नावाची नोंदणी त्यानंतरची. उरलेला भाग उत्पादनाचा, जास्तीत जास्त १४ वर्णांचा. मध्ये आडवी रेघ असेल तर ती उत्पादनाच्या भागातच धरायची. ती गाळली की शोधात काहीच सापडत नाही आणि माणूस उगाच आयडी खोटा समजून बसतो. ओ हे अक्षर आणि शून्य यांचाही असाच घोळ होतो.

आयोगाच्या वेबसाइटवरच्या शोधात आयडी टाकला की मान्यतेची तारीख, चाचणीचे अहवाल, बाहेरचे आणि आतले फोटो, पुस्तिका असं बरंच काही उघडतं. सर्किटचे आराखडे गुप्त ठेवलेले असतात. अगदी नव्या मॉडेलचे फोटोही काही महिने रोखून धरता येतात, त्यामुळे ते दिसले नाहीत म्हणून लगेच संशय घेऊ नका. आतल्या फोटोत शिंगाच्या आकाराचे अँटेना मोजा. मागून येणारं रडारही वेगळं ओळखून बाण दाखवणाऱ्या यंत्रात दोन असायला हवेत.

एक सापळा मात्र हमखास आहे. ब्लूटूथ असलेल्या डिटेक्टरच्या लेबलवर कधीकधी दुसराही आयडी असतो, त्याआधी 'यात समाविष्ट' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छापलेला असतो. तो आतल्या तयार ब्लूटूथ मॉड्यूलचा. शोधल्यावर पडद्यावर फक्त २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ दिसलं तर समजा, तुम्ही नोंद पाहताय ती ब्लूटूथची, रडार ऐकणाऱ्या भागाची नाही. अशा नोंदीवरून डिटेक्टरबद्दल मत बनवण्यात अर्थ नाही.

आयडीच नसेल तर? वयावर अवलंबून आहे. डिटेक्टर नुसता ऐकत नाही, त्याच्या आतला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच्या लहरी तयार करणारा भाग, त्या थोड्याफार बाहेरही सांडतो. (याच गळतीवरून डिटेक्टर पकडणारी यंत्रं पोलिसांकडे आली.) ही गळती ११.७ ते १२.२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उपग्रहाशी जोडलेल्या छोट्या डिश अँटेनांना त्रास देऊ लागली, तेव्हा २००२ मध्ये आयोगाने डिटेक्टरवर मर्यादा घातल्या. त्याआधीच्या यंत्रावर आयडी नसणं साहजिक आहे. अमेरिकेच्या बाजारातला म्हणून विकल्या जाणाऱ्या आजच्या यंत्रावर नसेल तर ते नक्कल असण्याची शक्यता मी आधी धरेन.

आणि आयडीची मर्यादा: मान्यता तीच ठेवून रचनेत छोटे बदल करायला नियमांत वाव आहे. म्हणून आयडी सारखा असला तरी बोर्ड तंतोतंत तोच असेल असं नाही. ही फट भरायला कॅनडाच्या नियमांत एचव्हीआयएन नावाचा स्वतंत्र क्रमांक आहे, थेट हार्डवेअरच्या आवृत्तीचा. हार्डवेअर बदललं की तो बदलायला हवा. कल्पना चांगली, पण व्यवहारात तिथे अनेकदा मॉडेलचंच नाव छापलेलं आढळतं. गंमत म्हणजे याच कॅनडात डिटेक्टर वापरायला ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सस्कॅचेवान या तीनच प्रांतांत मोकळीक आहे. अमेरिकेतही व्हर्जिनियात बंदी आहे. लेबलवरचा मान्यतेचा क्रमांक म्हणजे वापराची परवानगी नव्हे. आपण जिथे गाडी चालवतो तिथला कायदा वेगळा पाहावा लागतो.

फर्मवेअरचा आकडा

'लेटेस्ट फर्मवेअर टाकलंय' हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. त्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका, ते काम तुम्ही घरी करू शकता. विचारायचं ते उलटं: या हार्डवेअरसाठी कंपनीने काढलेलं शेवटचं व्हर्जन कोणतं आणि ते कधीचं?

याला कारण के (K) बँड, रडारच्या फ्रिक्वेन्सीचा एक पट्टा. पोलिसांची रडार २४.०५ ते २४.२५ गिगाहर्ट्झमध्ये चालतात आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांमधले ब्लाइंड स्पॉटचे अनेक सेन्सरही त्याच भागात. हा खोटा गोंगाट गाळण्याची अक्कल फर्मवेअरमधून येते, पण ती पेलायला आतला प्रोसेसर तेवढा दमदार लागतो. अपडेट थांबलेला जुना नग पोलिसांच्या रडारच्या दुसऱ्या पट्ट्यात, Ka बँडमध्ये, म्हणजे ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झमध्ये, आजही लांबून इशारा देईल. रहदारीत मात्र इतका ओरडेल की दोन दिवसांत तुम्ही आवाज बंद कराल. चुकीच्या पिढीची फाइल चढवायच्या फंदात पडू नका, यंत्र कायमचं बंद पडू शकतं.

डिटेक्टर संगणकाला जोडल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर आयडी' म्हणून जे दिसतं त्याला फार वजन देऊ नका. तो बहुतेकदा यूएसबीच्या चिपचा असतो. ०४०३ आणि ६००१ ही जोडी दिसली तर ती एफटीडीआय कंपनीची सर्वसाधारण चिप, जी हजार प्रकारच्या यंत्रांत सापडते. ड्रायव्हर शोधायला तेवढा उपयोगी. ब्लूटूथचा मॅक पत्ता, म्हणजे त्या भागाचा ओळख क्रमांक, हाही ॲप जोडताना लागतो, खरेदी ठरवताना नाही.

नग आधीच उघडलेला असेल तर एक तपासणी आणखी करता येते. मोठ्या चिपांवर अनेकदा चार आकडी तारीख असते: १९३४ म्हणजे २०१९ सालचा ३४वा आठवडा. यंत्र त्यातल्या सगळ्यात नव्या चिपपेक्षा जुनं असू शकत नाही, त्यामुळे २०१७ च्या बिलासोबत अशी चिप निघाली तर बिल त्या नगाचं नाही, किंवा मधे बोर्ड बदलला गेला आहे. वॉरंटीत असलेला नग मात्र एवढ्यासाठी उघडू नका.

नवा, सीलबंद आणि अधिकृत विक्रेत्याकडून घेत असाल तर यातलं काहीच करायची गरज नाही. खोक्यावरचा आणि यंत्रावरचा सीरियल नंबर एकच आहे ना, तेवढं पाहून बिलावर लिहून घ्या. वापरलेला पण चालू पिढीतला असेल तर सीरियल नंबर आणि स्क्रीनवरच्या व्हर्जनचा फोटो पुरे. जुना, नाव बदलून विकला जाणारा किंवा ज्याची कंपनीच माहीत नाही असा असेल, तर एफसीसी आयडी शोधून आतले फोटो पाहिल्याशिवाय किमतीची बोलणीच सुरू करू नका.