चार बॅटऱ्यांचा इक्वलायझर: जुन्या सेटमध्ये एक नवी बॅटरी घालण्याआधी

ई-रिक्षाच्या ४८ व्होल्टच्या सेटमधली एक बॅटरी बसली, की दुकानात दोन वस्तू जोडीनं पुढे केल्या जातात: १२ व्होल्टची एक नवी बॅटरी आणि पाच वायरींचा इक्वलायझर, म्हणजे चारही बॅटऱ्यांचं व्होल्टेज सारखं ठेवणारं यंत्र. 'हा लावा, तीन जुन्या आणि एक नवी आपोआप जुळतील,' असं वर सांगितलं जातं. यंत्र कामाचं आहे, पण या कामासाठी ते घेऊ नये.

चार्जिंगच्या वेळी याचा फायदा खरा आहे. लेड-ॲसिड सेटचा चार्जर चौघींच्या व्होल्टेजची फक्त बेरीज बघतो, म्हणजे ५७.६ व्होल्ट. जुन्या बॅटऱ्यांची क्षमता घटलेली असल्यानं त्या आधी भरतात आणि प्रत्येकी १४.६ वर चढून पाणी उडवतात. नवी १३.८ वरच अडकते आणि रोज थोडी उपाशी राहते. बेरीज मात्र बरोबर ५७.६, म्हणून चार्जरला सगळं ठीक दिसतं. इथे इक्वलायझर चढलेल्या बॅटरीतला करंट उतरलेल्या बॅटरीकडे वळवतो आणि चौघींना जवळ आणतो.

रस्त्यावर गाडी धावताना हिशेब वेगळा असतो. समजा जुन्या तिघींत प्रत्येकी ७० अँपिअर-अवर उरलेत आणि नवीत १२० आहेत. सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडल्यावर, चौघींतून करंट एकच वाहतो, त्यामुळे ७० संपले की गाडी थांबायला हवी. इक्वलायझरनं अगदी तोटा न होता वाटणी केली, तरी ३३० भागिले ४, म्हणजे ८२.५. नव्या बॅटरीचे पूर्ण पैसे देऊन वाढ १८ टक्क्यांच्या आत! तीही मिळणं कठीण, कारण मोटर सरासरी २० अँपिअर ओढत असेल तर चार तासांत नवीतून ३७.५ अँपिअर-अवर, म्हणजे सतत नऊ अँपिअर बाजूला वळायला हवेत. इक्वलायझरच्या डब्यावरचा अँपिअरचा मोठा आकडा दोन बॅटऱ्यांत व्होल्टेजचा फरक मोठा असेल तेव्हाचा असतो. फरक लहान असताना करंटही लहान. शिवाय नवी रोज जास्त खोल उपसली जाते आणि लवकर म्हातारी होते.

नवी बॅटरी निगेटिव्ह टोकाला बसवली की टिकते, हा समज सोडून द्या. जागेनं काही बदलत नाही. बदलतं ते टॅपिंगमुळे: हॉर्न, लाइट, म्युझिकसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले असतील तर तीच नेहमी आधी बसणार. तिथे ४८ वरून १२ देणारा कन्व्हर्टर लावा. वेगवेगळ्या वयाच्या बॅटऱ्या जुळवण्यापेक्षा सेट नवा असल्यापासून बॅटऱ्यांमधले छोटे फरक वाढू न देणं, हे इक्वलायझरचं खरं काम. त्यासाठी आमची शिफारस आहे.

जोडताना आधी सेटचा मुख्य निगेटिव्ह, मग क्रमानं पॉझिटिव्ह टोकाकडे, काढताना उलट. प्रत्येक वायर लग (टोकाची धातूची कडी) लावून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर न्या आणि टर्मिनलजवळच फ्यूज घाला. फ्यूज नसेल आणि वायर घासली गेली तर आगीचा धोका आहे.

बॅटरी बदलण्याआधी कोणती बसली ते नीट पाहा. सेट पूर्ण चार्ज करून निम्मा उतरवा आणि लोड चालू असताना प्रत्येकीचं व्होल्टेज मोजा. इतरांपेक्षा अर्धा व्होल्ट खाली असलेली बॅटरी संशयित. पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी असेल तर पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारं साधन) कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या आसपास यायला हवा. एकाच बॅटरीच्या दोन सेलमध्ये ०.०५० किंवा जास्त फरक म्हणजे सेल गेला. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी दर आठवड्याला तपासा. नुसतं पाणी कमी पडल्यानंही बॅटरी बसल्यासारखी वागते.

सेट सहा महिन्यांच्या आतला असेल तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, तेवढ्याच क्षमतेची एक नवी चालते. जोडण्याआधी ती १२ व्होल्टच्या वेगळ्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. पाणी घालायच्या बॅटऱ्यांत सीलबंद बॅटरी कधीच मिसळू नका, दोघींचं चार्जिंग व्होल्टेज वेगळं असतं. सेट वर्षाच्या पुढचा असेल तर मोडीत निघालेल्या दुसऱ्या सेटमधली, त्याच मॉडेलची, जवळपास त्याच वयाची चांगली बॅटरी शोधा. दुकानदाराला ती लोडवर मोजून दाखवायला सांगा. तयार नसेल तर घेऊ नका.