कावी-कंबोईची भरती-सहल : समुद्राची पातळी समजून घेण्यासाठी जरूर जावे

माघ पौर्णिमेला आम्ही बडोद्याहून कावी-कंबोईला जाऊन आलो. येथील एक लहान अभ्यासगट ही एक दिवसाची सहल चालवतो. माणशी ९०० रुपयांत मिनीबस, सकाळची सेव-उसळ आणि दुपारचे साधे जेवण मिळते. सकाळी सातला दांडियाबाजारातून निघून पादरा, जंबुसरमार्गे साडेनऊच्या सुमारास आम्ही खंभातच्या आखाताच्या काठी पोहोचलो. भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या स्तंभेश्वर महादेवाचे दर्शन घडतेच, परंतु सहलीचा मुख्य विषय समुद्रपातळीत होत असलेला दीर्घकालीन बदल हा आहे, आणि तो समजावून सांगण्यासाठी याहून अवघड किनारा क्वचितच सापडेल.

अवघड अशासाठी की येथील रोजच्या भरती-ओहोटीपुढे वर्षाकाठची वाढ डोळ्यांना दिसणे शक्यच नाही. आखाताचे तोंड रुंद आहे, पण आत ते नरसाळ्यासारखे निमुळते आणि उथळ होत जाते, त्यामुळे अरबी समुद्रातून आत शिरलेले पाणी दाटून उंच चढते. पलीकडच्या काठावर, भावनगरला, उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतले अंतर १० मीटरच्याही वर जाते, म्हणजे साधारण तीन मजली इमारतीएवढे. आमच्या मार्गदर्शक ताईंनी वितीवितीच्या अंतराने रंगीत पट्टे ओढलेली वेळूची काठी ओहोटीच्या वेळीच गाळात रोवून ठेवली होती. दुपारी पाणी चढू लागले तेव्हा पंधरा मिनिटांत त्यातले दोन पट्टे बुडाले, आणि सकाळी ज्या शिवलिंगाला आम्ही हात लावला होता ते गढूळ, तपकिरी पाण्याखाली दिसेनासे झाले.

गटातील एक काकू मूळच्या रत्नागिरीच्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशेब त्यांना पाठ होता. त्यानुसार पौर्णिमेची भरती सव्वाअकराच्या आसपास यायला हवी होती. तोच हिशेब या आखाताच्या आतल्या टोकाशी का जुळत नाही, भरतीची लाट येथवर चढून यायला कित्येक तास का घेते, हे ताईंनी वाळूवर नकाशा काढून दाखवले. "मग समुद्र वाढतोय म्हणतात तो हाच का?" असे काकूंनी विचारल्यावर ताईंनी आपली चार बोटे आडवी धरली. "नाही काकू, तो एवढा," त्या म्हणाल्या.

ती चार बोटे हिशेबाला धरून होती. भारताच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर वाढत होती, ती १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटर वाढू लागली. चोवीस वर्षांची ही वाढ जेमतेम आठ सेंटिमीटर भरते. रोज कित्येक मीटर वरखाली होणाऱ्या पाण्यात ती ओळखायची तर वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि म्हणूनच मुंबईच्या अपोलो बंदरावरील १८७८ पासूनच्या नोंदी अनमोल ठरतात. खंभातच्या जुन्या बंदराचे उदाहरणही मला फार मोलाचे वाटले. तेथे गाळ साचून समुद्र मागे हटला, म्हणून पातळी घटली असे कोणी समजेल. प्रत्यक्षात ती नद्यांच्या गाळाची करणी आहे. किनारा कुठे आहे आणि पाणी किती उंच आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे जरी प्रत्येकाच्या लक्षात राहिले तरी सहलीचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

पाण्याच्या तापमानाचा भाग मात्र परतीच्या बसमध्ये घाईघाईने उरकला गेला, याची मला मनापासून खंत वाटते. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठभागाचे तापमान सरासरी १ अंश सेल्सिअसने वाढले, तर जगभरातील महासागरांची सरासरी वाढ ०.७ अंश होती. तापलेले पाणी प्रसरण पावते, त्यामुळे बर्फ वितळून येणाऱ्या पाण्याइतकाच या उष्णतेचाही पातळीशी थेट संबंध आहे. हे सगळे काठावर, पाण्याकडे पाहत सांगितले गेले असते तर अधिक ठसले असते. शिवाय माहितीपत्रक केवळ गुजरातीत आहे. निम्मी बस मराठी कुटुंबांची असताना त्याची मराठी प्रत निघायला हवी.

वेळेच्या बाबतीत हा गट काटेकोर आहे, याचे मोल मला पूर्वानुभवामुळे अधिक वाटले. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रवासी कंपनीने आम्हाला ऐन भरतीच्या वेळी तेथे नेऊन उभे केले होते आणि दर्शन न घेताच परत आणले होते. या गटाने तारीख ठरवतानाच भरती-ओहोटीच्या वेळा लेखी कळवल्या आणि त्या बरोबर निघाल्या. पायऱ्यांवर गाळ असतो, तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींना घट्ट तळव्यांच्या चपला घालायला सांगावे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाण्याचा चढउतार बराच कमी असतो, म्हणून नावनोंदणी करताना पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचीच तारीख मागून घ्यावी.